शेळके सरांची गर्दी

भर बाजारात, मिरच्यांचे ढीग आणि गाडगी-मडकी यांच्या मधल्या अरुंद वाटेवर, इस्त्रीचा शर्ट घातलेला एक चांगला धडधाकट गृहस्थ डोळे मिटून खांबासारखा उभा होता. लोक त्याला वळसा घालून जात होते. मी नेवाशाला गणित शिकवायला नुकतीच रुजू झाले होते. अशा वेळी नव्या गावात आलेल्या बाईने काय करायचं असतं ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून मीही वळसा घातला. मिरचीवाली मात्र मोकळेपणी हसून म्हणाली, "मास्तर, वहिनीनं उन्हात वाळत घातलंय व्हय तुमाला?"

गृहस्थांनी एक डोळा उघडला आणि मिरचीवालीला सोडून मलाच विचारलं, "बाई, तुम्ही उजवीकडून का गेलात? डावीकडे जागा जास्त होती."

"डावीकडे मडकी आहेत," मी म्हटलं. "धक्का लागून फुटली तर?"

"बघ," ते मिरचीवालीला म्हणाले, जणू त्या दोघांचा जुना वाद चालू होता. "माणूस नुसती जागा बघून चालत नाही. पुढं काय होईल ते मनात धरून चालतो."

"बरं बया," ती म्हणाली, "आता सरका. गिऱ्हाईक यिना झालंय."

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये कळलं, की हे आमच्याच कॉलेजातले मानसशास्त्राचे रंगनाथ शेळके. आदल्या बाजारी ते तिथेच डोळे उघडे ठेवून उभे होते. त्याआधी एकदा धोतर, टोपी, खांद्यावर घोंगडी अशा वेषात. कोणत्या सोंगाला लोक किती लांबून वळसा घालतात हे त्यांना बघायचं होतं. डोळे उघडे असले की लोक जास्त अंतर ठेवतात आणि घोंगडी असली की अगदी खेटून जातात, असं त्यांचं म्हणणं. घोंगडीवाल्याला खेटून जाण्यात आपण काही वावगं करतोय असं कोणालाच वाटत नाही, याचं त्यांना फार वाईट वाटलं होतं. ते स्वतः प्रवरेपलीकडच्या एका लहानशा गावातल्या शेतकऱ्याचे चिरंजीव. वडिलांनी आयुष्यभर घोंगडीच पांघरली होती.

सत्तर सालच्या सुमाराची ही गोष्ट. कॉलेज नवीन होतं, वर्गांवर पत्रे होते, आणि प्राध्यापकांना एकमेकांची टर उडवायला भरपूर वेळ होता. सरांचं नाव पडलं होतं 'गर्दीवाले'. त्यांच्याबरोबर रस्त्याने चालणं ही शिक्षाच असे. समोरून जोडपं आलं की हे थांबणार, आणि ते एकमेकांपासून फुटून आपल्या दोन्ही बाजूंनी जातं की एका बाजूने जातं ते वळून बघणार. "नवराबायको फुटली," असं त्यांनी एकदा मोठ्याने म्हटलं, तेव्हा त्यातला नवरा परत आला होता आणि मला मध्ये पडून समजूत घालावी लागली होती.

चेष्टेवर ते कधी चिडत नसत. त्यांना चिडलेलं मी एकदाच पाहिलं. आमच्या प्राचार्यांना भाषणाची हौस होती. गॅदरिंगच्या वेळी मुलांनी मंडपात थोडी रेटारेटी केली, त्यावर प्राचार्य व्यासपीठावरून म्हणाले, की जमाव म्हणजे जनावर असतं, त्याला ना डोकं ना काळीज. टाळ्या पडल्या. शेळके सर मागच्या रांगेत उभे राहिले आणि म्हणाले, "नाही, सर. माफ करा, पण नाही." सगळे माना वळवून बघायला लागले. "गर्दीत माणूस माणूसच असतो. त्याला फक्त दिसत नाही. पुढच्याची पाठ दिसते, तेवढीच." एवढं बोलून ते बसले. त्यांचे कान लाल झाले होते. प्राचार्यांनी विषय बदलून पाण्याच्या टाकीवर नेला.

या बोलण्याचं मूळ मला त्यांच्या घरी कळलं. रविवारी ते मला हट्टाने गावी घेऊन गेले. घरात त्यांच्या पत्नी सुमनवहिनी आणि आई भागूबाई. आई बारीक चणीची, कामाला चिकाट, आणि बोलायला अगदी मोजकी. मी तिच्या चुलीजवळ बसून बाजरीची भाकरी आणि ठेचा खाल्ला, डोळ्यांत पाणी आलं, तर ती म्हणाली, "हळू खा बाई, कुनी पळवून न्हेत न्हाई." अंगणातून टेकडी दिसत होती, टेकडीवर देवीचं देऊळ. मी सहज म्हटलं, आज वर जाऊन दर्शन घेऊ या का? तशी म्हातारी उठली आणि गोठ्याकडे निघून गेली.

वहिनींनी मग मला हळू आवाजात सांगितलं. सरांना एक थोरली बहीण होती, सरू. सर कडेवरचे होते तेव्हाची गोष्ट. चैत्रातल्या यात्रेला भागूबाई त्यांना कडेवर घेऊन, सरूच्या हातात पदर देऊन वर गेली. देवळाला उघडं दार एकच. आत जाणारेही त्यातूनच, बाहेर येणारेही त्यातूनच. आणि त्या गावची रीत अशी, की देवीला पाठ दाखवायची नाही. दर्शन झालं की हात जोडून, तोंड देवीकडे ठेवून, उलट्या पावलांनी मागे मागे दारापर्यंत यायचं. आत येणाऱ्यांच्या छातीवर बाहेर जाणाऱ्यांच्या पाठी. त्या चेंगराचेंगरीत हातातला पदर सुटला. भागूबाई बाहेर फेकली गेली, सरू आत राहिली. दिवस मावळेपर्यंत भागूबाई दारात उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होती, आणि कोणी थांबत नव्हतं, कारण थांबायला जागाच नव्हती. मग मंडळींनी पोरीला उचलून बाहेर आणलं.

"तेव्हापासून आत्याबाई टेकडी चढल्या नाहीत," वहिनी म्हणाल्या. "म्हणतात, वाट मोकळी व्हईल तवा जाईन. ह्यांचं सगळं शिक्षण त्याच्यापायी झालंय, बाई."

मला त्या क्षणी बाजारातला तो मिटल्या डोळ्यांचा माणूस आठवला आणि आपण स्टाफरूममध्ये त्याच्यावर किती हसलो याची लाज वाटली. सरूला ज्यांनी चेंगरलं ती सगळी त्याच गावची माणसं होती. त्यांच्याच बांधाला सरांचा बांध, त्यांच्याच विहिरीवर भागूबाईचं पाणी. ती जनावरं होती असं मानलं असतं तर या मायलेकांना गावात एक दिवस राहता आलं नसतं.

त्यानंतर मी सरांच्या कामात ओढले गेले. त्यांना देवळाच्या गर्दीचं गणित मांडायचं होतं. सुरुवात त्यांनी वहिनींच्या परातीतून केली. परातीत पुठ्ठ्याच्या भिंती उभ्या करून, एक फट ठेवून, ज्वारी ओतायची आणि परात कलती करायची. ज्वारी फटीशी येऊन कमान करून अडकायची. मी खूश झाले, कारण हे गणितात बसत होतं. सर मात्र दोन आठवड्यांत ज्वारीला कंटाळले. म्हणाले, "ज्वारीला सासू नसते, बाई. ती मागे वळून बघत नाही." ती ज्वारी मग दळायला गेली.

मग त्यांनी आपलं म्हणणं फळ्यावर मांडलं. चालणाऱ्या प्रत्येक माणसाला तीन बाण. पहिला, जिथे जायचं तिकडची ओढ. दुसरा, परक्या अंगापासून अंग चोरून घेणं. प्रत्येकाभोवती त्याचं स्वतःचं एक अंगण असतं, त्यात कोणी शिरलं की तो बाजूला होतो. तिसरा, आपल्या माणसांकडे. "पुस्तकं पहिल्या दोहोंवर थांबतात," ते म्हणाले. "आमच्या लोकांत तिसराच सगळ्यात जोराचा. आग लागली तरी माणूस आधी घरच्यांना हाक मारील, मग पळेल. या तिघांची बेरीज तुम्ही करा." मी केली. मला मान्य करायला हवं, की इतकी सुंदर बेरीज मी त्याआधी आणि त्यानंतर केली नाही. कॉलेजच्या मैदानात बाकांची फट करून आम्ही पोरांना त्यातून पळवलं. आधी अनोळखी म्हणून, मग दोस्तांच्या जोड्या करून. जोड्या फटीपाशी एकमेकांसाठी थांबायच्या आणि सगळं तुंबायचं. सर टाळ्या वाजवत होते. शिपाई म्हणाला, "ह्ये कंचं शास्त्र म्हनायचं?"

गावच्या पंचांपुढे मात्र बाण चालणार नव्हते. देवळाला उत्तरेच्या अंगाने आणखी एक दार होतं, आत पालखीचं सामान रचून कायमचं बंद केलेलं. ते उघडावं, पूर्वेने आत जावं, उत्तरेने बाहेर पडावं, असं सरांचं म्हणणं. पंचांत मुख्य भाऊसाहेब पाटील. ते पारावर पाय हलवत ऐकत राहिले आणि म्हणाले, "मास्तर, समदं खरं. पर देवीकडं पाठ करून मानूस उत्तरंला कसा जायचा?"

"पाठ नाही करायची, भाऊसाहेब," सर म्हणाले. "कूस करायची. तोंड देवीकडं ठेवून आडवं सरकत दाराशी जायचं." आणि ते उठले, पारावरच्या मारुतीकडे तोंड करून, हात जोडून, खेकड्यासारखे आडवे सरकत पाराच्या कडेपर्यंत गेले. पोरंटोरं हसली. पाटील हसले नाहीत. ते म्हणाले, "कूस चालंल." पुढे एवढंच पुटपुटले, की त्या दिवशी मीबी आत हुतो मास्तर, जवान हुतो. सर म्हणाले, मला माहीत आहे. दोघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं.

सरांनी काही म्हणता काही बाकी ठेवलं नाही. चपला पूर्वेच्या दाराशी काढल्या तर लोक त्या घ्यायला फिरून परत येतील, म्हणून चपला टेकडीच्या पायथ्याशी काढायला लावल्या. पंच म्हणत होते बाया वेगळ्या, गडी वेगळे सोडू. सरांनी ऐकलं नाही. घरची माणसं तुटली की ती दारात एकमेकांची वाट बघत उभी राहतात, तेव्हा अख्खं घर एकत्र आत सोडायचं आणि एकत्र बाहेर. भागूबाईने हे सगळं चुलीपाशी बसून ऐकलं. यात्रेच्या आदल्या दिवशी तिने नवं लुगडं काढलं आणि म्हणाली, "मंग म्या येते."

सर बाहेर जाऊन जनावरांना पाणी दाखवायला लागले. पाणी आधीच दाखवून झालं होतं. ते बराच वेळ आत आले नाहीत.

यात्रेच्या दिवशी मी दीपमाळेच्या ओट्यावर चढून बसले होते. माझी बेरीज चालताना दिसत होती. पूर्वेच्या दाराने लोक आत जात होते आणि उत्तरेच्या दाराने, तोंड आत ठेवून, आडव्या पावलांनी, थोडे लाजत बाहेर येत होते. एकाचा पाय दुसऱ्याच्या पायावर पडत नव्हता. सर पूर्वेच्या दाराशी उभे राहून एकेक कुटुंब आत सोडत होते. "चला, आजोबा पुढं. पोरीला मधी घ्या." त्यांचा आवाज मला इतका आनंदी कधी ऐकू आला नव्हता. सुमनवहिनींनी भागूबाईला हाताला धरून आणलं, तेव्हा सरांनी सर्वांसारखंच तिलाही आत सोडलं. फक्त थोडा वेळ तिच्या पाठीकडे बघत राहिले.

मग उत्तरेच्या दारातून लोक यायचे थांबले.

मी ओट्यावर उभी राहिले. दारातून तीन पायऱ्या खाली उतरत होत्या, आणि सगळ्यात वरच्या पायरीवर भागूबाई उभी होती. वहिनी खालून तिचा हात ओढत होत्या. "चला की आत्याबाई." भागूबाईचं तोंड आत होतं. ती शांतपणे म्हणत होती, "सरू यिऊ दे. सरू आत हाय."

तिला रेटून कोणीही गेलं असतं. तेवढीशी तर बाई. पण तिच्या मागून आलेल्या बायांनी तिला ओळखलं. सरू कोण हेही त्यांना माहीत होतं. त्या थांबल्या. त्यांच्या मागच्या थांबल्या. एकीने तर पदर डोळ्यांना लावला. ज्यांना दिसत होतं ती सगळी माणसं त्या म्हातारीसाठी दारात उभी राहिली, आणि त्यांच्यामागे, आतल्या अंधारात, ज्यांना फक्त पुढच्याची पाठ दिसत होती, ती येत राहिली.

मी दीपमाळेवरून ओरडले. सरांनी पूर्वेचं दार बंद करायला सांगितलं आणि देवळाला वळसा घालून धावत आले. पायऱ्यांच्या खाली पोचले तेव्हा दारातल्या बाया भागूबाईभोवती हात धरून मागचा लोंढा अडवायला बघत होत्या. सर म्हणाले, "आई, खाली ये. आई."

"सरू यिऊ दे, मंग येते."

पुढचं फार पटकन झालं. मागच्या रेट्याने दार एकदम मोकळं झालं आणि सगळ्या बाया पायऱ्यांवरून खाली आल्या. बाकीच्यांना खरचटलं, मुका मार लागला. भागूबाई सगळ्यांच्या खाली होती.

नगरच्या दवाखान्यात ती काही दिवस होती. छातीला मार बसला होता, बोलताना धाप लागायची. मी भेटायला गेले तेव्हा सर खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर बसले होते. भागूबाईचा चेहरा मी प्रथमच असा निवांत पाहिला. मला जवळ बोलावून म्हणाली, "बाई, समदी थांबली वो. माज्यासाटी थांबली. त्या येळी कुनी थांबलं न्हवतं." हे ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली, येणाऱ्या प्रत्येकाला, अगदी समाधानाने. सर तेव्हा उठून खिडकीशी गेले. दवाखान्यातच ती गेली.

गावाने सरांना बोल लावला नाही. भाऊसाहेब पाटील दहाव्याला आले, पागोटं काढून मांडीवर ठेवून म्हणाले, "मास्तर, तुमची वाट बराबर हुती. दार उघडंच ठिवतो." सरांनी मान हलवली. बोल लावला असता तर त्यांना बरं वाटलं असतं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

सर कॉलेजात परत आले, पोर्शन पुरा केला, पेपर तपासले. बाजारात उभं राहायचं मात्र बंद झालं. मिरचीवाली मला विचारायची, मास्तर आजारी हायेत का. एकदा रिकाम्या वर्गात मी फळा पुसत होते, तेव्हा ते दारात आले आणि म्हणाले, "बाई, तुमच्या बेरजेत चूक नव्हती. आपण फक्त जिवंत माणसं धरली होती." मला तिथेच रडू आलं. त्यांनी माझ्या हातातलं डस्टर घेतलं आणि उरलेला फळा पुसून दिला.

पुढच्या वर्षी दुष्काळ होता. विहिरी आटल्या, गावंच्या गावं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. माझी नगरला बदली ठरली होती. निरोप घ्यायला मी सरांच्या गावी गेले तो दिवस नेमका यात्रेचा होता, हे तिथे पोचल्यावर कळलं. यात्रा अशी काही नव्हतीच. सुमनवहिनी घरात एकट्या होत्या. म्हणाल्या, "हे सकाळपासून वर गेलेत. बघता का जरा? मी गेले तर म्हणतील मागं मागं आली."

टेकडीवर झाड उरलं नव्हतं. दोन-चार माणसं दर्शन घेऊन उतरत होती. त्यांना ना रांग होती ना घाई, तरी प्रत्येक जण उत्तरेच्या दाराने आडवा सरकत बाहेर पडत होता. सर पायऱ्यांच्या खाली उभे होते. तोंड दाराकडे. मला बघून ओळखीचं हसले.

पुजारी आतून म्हणाला, "तांबडं फुटल्यापून उभे हायेत. बसतबी न्हाईत."

मी सगळं देऊळ फिरून आले आणि त्यांच्याजवळ जाऊन म्हटलं, "सर, आत कोणी राहिलं नाही. मी बघितलं."

"माहीत आहे, बाई," ते म्हणाले. आवाज अगदी नेहमीचा होता. "तुम्ही व्हा पुढं. ऊन फार आहे. सुमनला म्हणावं, येतो."

मी उतरायला लागले. वळणावर थांबून वर बघितलं. पुजाऱ्याने दुपारचं दार लोटून बाहेरून कडी घातली. सर बाजूला झाले, त्याला पायऱ्या उतरू दिल्या, आणि पुन्हा पुढे येऊन त्या बंद दारासमोर उभे राहिले.